२००७ ची बोलेरो पिकअप घरीच दुरुस्त करून उभी केली: चौदा महिन्यांचा अनुभव, आणि त्या जादा पाट्याबद्दल

गेल्या महिन्यात गाडीच्या मागच्या पाट्यांमधला (लीफ स्प्रिंग, म्हणजे वजन झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या) जादा पाटा दोन्ही बाजूंनी काढून टाकला, कारण त्याने ब्रेक बिघडवले. गाडी बसवली तेव्हा आमच्या भागातल्या पाच जणांनी माझ्याकडून माहिती घेऊन आपापल्या पिकअपमध्ये तसाच पाटा घातला होता. मीच त्यांना "डोळे झाकून घाला" म्हणून सांगितलं होतं. माझी चूक सांगायला त्यांना घरी जाऊन भेटलो. बाकीच्यांसाठी हे लिहितोय. इंजिन, पत्रा, रंग यांबद्दलही लिहीन, पण आधीच सांगतो, या लेखात जास्त जागा त्या पाट्यालाच जाणार आहे.

गाडी आमच्या काकांची. दुधाच्या कॅनसाठी घेतलेली, पुढे दोन वर्षं गोठ्यामागे उभी होती. भंगारवाला ४८ हजार देत होता, मी ५५ हजारांना घेतली. दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी काम करत अकरा महिने लागले. एकूण खर्च गाडीसकट २ लाख ३३ हजार. वही ठेवली आहे, त्यात नटबोल्टांचे पैसेसुद्धा आहेत. त्यानंतर चौदा महिन्यांत गाडी १७ हजार किलोमीटर चालली. चारा, खत, उसाचं बेणं, कोकणात गुळाचे रवे (ढेपा), येताना जांभा चिरा.

इंजिनाबद्दल माझं समाधान पूर्ण आहे. हे २५२३ सीसीचं डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये सोडणारं) इंजिन ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) १०१.६, म्हणजे साडेतीन इंच आणि चार इंच. इंचातलं हे माप जुन्या इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या काळापासून चालत आलेलं आहे. त्यामुळे कोल्हापुरात उद्यमनगरात ब्लॉक घेऊन गेलो तेव्हा लेथवाल्या मिस्त्रींना काही समजावून सांगावं लागलं नाही. लायनर, पिस्टन, रिंगा, मेन आणि बिगएंड बेअरिंग, हेडचं फेसिंग, नोझल तपासणी आणि पंपाचं कॅलिब्रेशन मिळून ६२ हजार. इंजिन उतरवणं आणि परत चढवणं घरीच केलं, आंब्याच्या फांदीला चेन-पुली लावून नव्हे, त्यासाठी लोखंडी घोडा भाड्याने आणला. फांदीवर भरवसा ठेवू नका. पहिल्या हजार किलोमीटरनंतर हेडचे बोल्ट तपासले, टॅपेट परत सेट केले, ऑइल बदललं. आता थंडीतही अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते. माल भरून लिटरला बारा, रिकामी साडेतेरा किलोमीटर देते. टर्बो नाही, घाईचं काम तिला सांगू नये, पण दुसऱ्या गियरमध्ये ती जे ओढते ते बघून मला दर वेळी आनंद होतो.

पत्र्याचं काम किचकट गेलं. हौद्याचा (माल भरायच्या भागाचा) तळ वरून बरा दिसत होता. स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार. युरिया आणि सांडलेलं दूध ह्यांनी जोडांमध्ये शिरून पत्रा आतून खाल्ला होता. तळ पूर्ण काढला, खालच्या सात आडव्या चॅनलपैकी तीन बदलले. वेल्डिंग करण्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटरची वायर काढून ठेवा. केबिनचे उंबरे आणि दाराच्या खालच्या कडा १८ गेजच्या पत्र्याने नव्या केल्या. लांबी (पुट्टी) जितकी कमी भराल तितकं चांगलं. जाड भरलेली लांबी रस्त्याच्या हादऱ्यांनी तडकते आणि तड्यातून पाणी आत जातं. उघड्या पत्र्यावर मी रेड ऑक्साइड (गंज रोखणारा तांबडा प्रायमर) मारला होता आणि तेव्हा तोच पुरेसा आहे असं माझं मत होतं. एका पावसाळ्यानंतर मत बदललं. हौद्याच्या खालच्या बाजूला जिथे दोन डब्बे उरले म्हणून इपॉक्सी प्रायमर मारला होता तिथे आज एकही डाग नाही. रेड ऑक्साइड मारलेल्या डाव्या मडगार्डच्या आत फुगे आले आहेत. राधानगरीकडच्या पावसात चालणाऱ्या गाडीला इपॉक्सीच हवा. फरक अडीच हजारांचा होता. तो मी वाचवायला नको होता.

रंग मूळचा पांढराच ठेवला. आरसीवर जो रंग आहे तोच ठेवला की कुठे जाऊन बदल नोंदवायची गरज पडत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबद्दल स्पष्ट आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसंच सांगितलं. पुढचा लोखंडी गार्ड डिसेंबर २०१७ च्या केंद्राच्या पत्रापासून बेकायदेशीर आहे, तो काढून भंगारात दिला. हौद्याच्या बाजू उंच करून घ्यायचा मोह झाला होता, केला नाही. फाळका (हौद्याची मागची उघडणारी बाजू) मूळचाच, फक्त बिजागऱ्या आणि साखळ्या नव्या. मालवाहू म्हणून नोंदलेल्या आणि आठ वर्षांवरच्या गाडीला दर वर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागतं. पंधरा वर्षांवरच्या वाहनांची ती फी १ एप्रिल २०२२ पासून बरीच वाढली आहे. जुनी पिकअप घ्यायच्या आधी हा दरवर्षीचा आकडा हिशेबात धरा.

आता पाटा.

मागचे पाटे दोन्ही बाजूंचे उतरवले तेव्हा त्यांची कमान गेलेली होती. पाटेवाल्याकडे नेले. त्याने सगळे पाटे तापवून कमान दिली, बुश आणि शॅकलच्या पिना नव्या घातल्या. निघताना तो म्हणाला, "एक-एक जादा पाटा टाकतो, दोन इंच उचलली जाईल, माल भरला तरी बसणार नाही." ५,२०० रुपये. मला ते एकदम पटलं. गाडी मागून ताठ उभी राहिली, खड्ड्यात हौदा टायरला लागेना, बघणारे विचारू लागले. पहिले चार महिने मी सगळ्यांना हेच सांगत होतो की दोन लाख तेहेतीस हजारांत सगळ्यात वसूल झालेली गोष्ट म्हणजे हा पाटा.

सहा हजार किलोमीटरवर पुढचे ब्रेक पॅड संपले. दुकानदाराने हलका माल दिला असेल असं समजून चांगले घातले. तेही पाच हजारांत संपले. मग ऑगस्टमध्ये गुळाचे रवे घेऊन फोंडा घाट उतरत होतो. दाजीपूर सोडून उतार लागला, धुकं होतं, समोर ट्रक, दुसऱ्या गियरमध्ये हळूहळू चाललो होतो. अर्ध्या घाटात जळका वास आला आणि पेडल खाली जाऊ लागलं. पाय जोरात दाबला तरी गाडी हवी तशी थांबेना. पहिल्या गियरमध्ये टाकून, हँडब्रेक ओढत ओढत एका रुंद जागी बाजूला घेतली आणि चाकांना दगड लावले. घरची दोन माणसं शेजारी बसली होती. पुढच्या चाकांजवळ हात नेववत नव्हता. मागच्या ड्रमवर मी तळहात टेकवून ठेवू शकलो. त्या वेळी त्याचा अर्थ मला कळला नाही. तासभर थांबून पहिल्या गियरमध्येच खाली उतरलो.

घरी आल्यावर चारी चाकं खोलली. शेजारच्या गावचे म्हातारे मिस्त्री बघायला आले होते. त्यांनी मागचे ब्रेक शू हातात घेतले आणि म्हणाले, "दादा, पुढचं पॅड दोनदा संपल्यात आणि मागचं लायनर हाय तसं हाईत. तुमची गाडी निस्ती पुढच्या चाकांवर थांबतीया."

अकरा हजार किलोमीटर चाललेले मागचे लायनर (ब्रेक शूवरचे घासले जाणारे थर) जवळपास नवे होते. मागे ब्रेक पोचतच नव्हता.

कारण असं. माझ्या पिकअपला मागच्या ब्रेकच्या लायनीत लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह आहे. व्हॉल्व्ह चॅसिसवर (गाडीच्या सांगाड्यावर) बसवलेला असतो आणि त्याची एक दांडी एक्सलला (मागची चाकं धरणाऱ्या आडव्या कण्याला) जोडलेली असते. माल भरला की पाटे दबतात, चॅसिस एक्सलच्या जवळ येते, दांडी फिरते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की चॅसिस वर राहते आणि व्हॉल्व्ह मागचा दाब कमी ठेवतो, कारण रिकाम्या हौद्याखालची चाकं जोरात ब्रेक लागला की लगेच जाम होतात आणि गाडी शेपूट फिरवते. म्हणजे त्या व्हॉल्व्हला वजन कळत नाही. त्याला फक्त उंची कळते. मी जादा पाटा घालून उंचीच बदलली होती.

कारखान्याच्या वजनकाट्यावर जाऊन मी हे मोजलं. हौद्याखालच्या चॅनलपासून एक्सलपर्यंतचं अंतर, जादा पाट्यासह, रिकामी असताना २४ सेंटिमीटर, ८०० किलो भरल्यावर साडेएकोणीस. नंतर पाटा काढून मूळ पाट्यांवर मोजलं, तर रिकामी २१ आणि ८०० किलोला १४. आता हे आकडे शेजारी ठेवून बघा. आठ क्विंटल माल घेऊन मी घाट उतरत होतो आणि व्हॉल्व्हला वाटत होतं की गाडी जवळजवळ रिकामी आहे. थांबवण्याचा सगळा भार पुढच्या चाकांच्या दोन ब्रेक डिस्कवर.

पण पाटा मी लगेच काढला नाही, आणि ह्याचं मला आजही वाईट वाटतं. ५,२०० रुपये दिलेले होते. शहरातल्या एका गॅरेजमध्ये गेलो, तिथे सांगितलं की तो व्हॉल्व्ह काढून सरळ पाइप जोडून देतो, सगळे असंच करतात. अकराशे रुपयांत काम झालं. मालासकट गाडी खरोखर छान थांबू लागली आणि मी आठवडाभर खूश होतो. मग एका संध्याकाळी चारा उतरवून रिकामा परत येताना राधानगरी रस्त्यावर भुरभुर पाऊस होता. समोर म्हैस आली, ब्रेक मारला आणि मागची दोन्ही चाकं जाम झाली. गाडी अर्धवट आडवी होऊन उजवीकडच्या चरीच्या काठावर थांबली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून हे लिहू शकतोय. जो व्हॉल्व्ह मी निरुपयोगी समजून काढला होता तो नेमका ह्याच प्रसंगासाठी असतो. मग व्हॉल्व्ह परत बसवला आणि पाटाही काढला.

दांडीचं सेटिंग बदलून जादा पाटा ठेवता आला असता का, हा प्रश्न मला तिघांनी विचारला. दांडी लांब करून रिकाम्या उंचीला जुळवता येते. पण कडक झालेले पाटे मालाखाली पूर्वीइतके दबतच नाहीत. मूळ पाटे ८०० किलोला ७ सेंटिमीटर दबले, जादा पाट्यासह साडेचारच. एका टोकाला जुळवलं की दुसरं टोक चुकतं. शिवाय पाटा वाढवल्याने आरसीवरचं वजन वाढत नाही. एक्सल तोच, ब्रेक तेच, टायर तेच. पाटेवाला पाट्यापुरतं बोलतो, ब्रेकवाला ब्रेकपुरतं. दोन्ही एकमेकांना जोडलेले आहेत हे गाडी घरी बसवणाऱ्यानेच लक्षात ठेवायचं असतं, कारण सगळी गाडी एकत्र बघणारा तोच एकटा असतो. हे मी लक्षात ठेवलं नाही.

वहीतला हिशेब: पाटा ५,२००. दोन वेळा पॅड ३,८००. डिस्क घासून घेणं ९००. बायपास (व्हॉल्व्ह काढून सरळ पाइप) १,१००. व्हॉल्व्ह परत बसवून ब्रेकच्या लायनीतली हवा काढणं १,६००. पाटा काढणं १,२००. एकूण १३,८००. ह्या पैशांत पूर्ण गाडीला इपॉक्सी प्रायमर आणि वर अल्टरनेटरचा नवा व्हॅक्यूम पंप आला असता. तो पंपही आता सीलमधून तेल सोडतोय. लवकर बदलायला हवा, कारण ब्रेकचा बूस्टर (पेडलच्या दाबाला जोर देणारा) त्याच्यावरच चालतो आणि सील गेलं की तेल अल्टरनेटरमध्ये जातं.

तुमच्याकडे जुनी पिकअप असेल तर एकच तपासणी करा. मागे खाली वाकून चॅसिसपासून एक्सलकडे जाणारी ती दांडी शोधा. आहे का, बुश शाबूत आहेत का, गंजून जाम तर नाही ना, आणि व्हॉल्व्हला जाणारी पाइप मध्येच कोणी सरळ जोडून टाकली आहे का ते बघा. मी सांगितलेल्या पाचांपैकी दोन गाड्यांत व्हॉल्व्ह आधीच बायपास केलेला निघाला आणि मालकांना माहीत नव्हतं. एकात दांडी तारेने वर बांधून ठेवली होती.

बाकी थोडक्यात. ७.०० आर १५ चे चार टायर २४ हजारांना, झीज आता सारखी आहे. वायरिंग पूर्ण नवं केलं, प्रत्येक हेडलाइटला वेगळा रिले दिला, मूळच्याच पिवळ्या बल्बचा उजेड दुप्पट वाटतो. धुक्यात मला तोच बरा वाटतो, एलईडी घातले होते ते काढले. सीटला काथ्या आणि रेक्झिन, आईला बसायला आवडतं. डाव्या दाराच्या काचेचं रबर अजून मिळालेलं नाही.

परवा मूळ पाट्यांवर, व्हॉल्व्ह जागेवर ठेवून, साडेसात क्विंटल गूळ घेऊन पुन्हा फोंडा घाट उतरलो. खाली फोंड्यात चहाला थांबलो तेव्हा आधी चारी चाकांभोवती फिरून जवळ हात धरून बघितला. पुढची गरम होती, वास नव्हता. आणि मागचा ड्रम, पहिल्यांदाच, पुढच्याइतका नाही पण चांगला गरम लागला.