राजासाठी लिहिलेले दोन आकाशप्रवास : छू युआन की सिमा शियांगरू?

दोन्ही प्राचीन चिनी कवितांत माणूस रथाला ड्रॅगन जोडून आकाशात जातो, पण वाचणारा राजा वेगळा. छू युआनची 'ली साओ' म्हणजे छू या राज्याच्या राजाने दूर लोटलेल्या माणसाचं दुःख, स्वर्गाचा द्वारपाल दाराला टेकून नुसता बघत राहतो, आणि शेवटी खाली जुनं गाव दिसतं तर घोडेच पुढे जायला तयार नाहीत, तिथे माझ्या अंगावर काटा येतो.

सिमा शियांगरूची 'दारेन फू' थेट हान घराण्यातल्या सम्राट वूसाठी (राज्यकाळ इ.स.पू. १४१ ते ८७). त्याला अमर व्हायचं वेड, म्हणून कवी पश्चिमेची राणीमाता (चिनी पुराणांतली अमरत्वाची देवी) पांढऱ्या केसांची, गुहेत राहणारी दाखवतो, असलं अमरत्व काय कामाचं! पण सम्राट खूश झाला, ढगांवर तरंगल्यासारखं वाटलं म्हणे.

मला 'ली साओ'च जवळची.