‘हे खरे आहे काय?’: आठ महिने विधानमंडळ आणि संसद मोबाइलवर पाहिल्यानंतर

२०२५ च्या मार्चमधल्या अर्थसंकल्पी अधिवेशनापासून ऑक्टोबरपर्यंत मी राज्य विधानमंडळाचं आणि संसदेचं कामकाज नेमाने पाहत-वाचत आले. फी कुठेच भरावी लागली नाही, खर्च झाला तो डेटाचा. मी मालवण तालुक्यातल्या एका मच्छीमार सोसायटीत हिशेब लिहिते, घरची रापण आहे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. त्यामुळे हा अनुभव मासेमारीच्या बाजूने आलेला आहे. शेतकऱ्याला किंवा शिक्षकाला वेगळ्या गोष्टी दिसतील.

सुरुवात एका भांडणातून झाली. सोसायटीच्या सभेत एकाने सांगितलं, एलईडीवाल्यांसाठी (प्रखर दिवे लावून मासे पकडणाऱ्यांसाठी) नवा कायदा झाला. दुसरा म्हणाला, नुसती चर्चा झाली. तिसऱ्याकडे व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर होता, त्यावर तारीखच नव्हती. तासभर वाद झाला आणि मूळ कागद कोणाकडेच नव्हता. तो कागद शोधायचा म्हणून मी बसले.

पहिला महिना चुकीच्या सभागृहात गेला. आमचा समुद्र कायद्याने दोघांत वाटलेला आहे हे मला तोवर नीट कळलं नव्हतं. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याकडे, त्यापुढची केंद्राकडे. म्हणून पर्ससीन, म्हणजे मोठं जाळं गोल टाकून थवाच्या थवा पकडणारा, आत घुसला तर पाहायचा तो महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम आणि त्यातली २०२१ ची दंड वाढवणारी दुरुस्ती. बाहेरच्या पाण्यातल्या एलईडीवर मात्र २०१७ मध्ये बंदी घातली ती केंद्राने. मी आतल्या पाण्याचे प्रश्न लोकसभेत शोधत होते. ज्यांना हे सुरू करायचं असेल त्यांनी आधी आपला विषय राज्याचा की केंद्राचा हे बघावं, निम्मे कष्ट वाचतात.

मला सगळ्यांत जास्त मिळालं ते विधानमंडळाच्या संकेतस्थळावरच्या प्रश्नोत्तरांतून. भाषणांपेक्षा कितीतरी जास्त. कागद मराठीत असतात आणि त्यांचा साचा ठरलेला असतो. सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अशी सुरुवात. मग ‘हे खरे आहे काय’, मग ‘असल्यास’ शासनाने कोणती कार्यवाही केली, आणि शेवटी जवळजवळ नेहमी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’. उत्तरंही तशीच ठरावीक: हे खरे आहे, अंशतः खरे आहे, हे खरे नाही, प्रश्न उद्भवत नाही. पहिल्या वाचनात हे सगळं कोरडं वाटतं. दहा-वीस उत्तरं वाचल्यावर नजर बसते. ‘अंशतः खरे आहे’ असं लिहिलं असेल तर त्याच्या पुढचं वाक्य दोनदा वाचायचं, कारण शासनाने काय मान्य केलं आणि काय वगळलं ते तिथेच असतं. ‘कार्यवाही सुरू आहे’ आणि ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ यांतलं अंतरही मला आता कळतं. पहिल्यात फाइल हललेली असते.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या शाकारलेल्या असतात, माणसं जाळी विणत बसतात आणि पावसाळी अधिवेशनही त्याच दिवसांत येतं. २०२५ मध्ये ते ३० जूनला सुरू झालं. मी मासेमारी, डिझेल परतावा, जेटी, धूपप्रतिबंधक बंधारे असल्या विषयांवरची प्रश्नोत्तरं छापून शेडमध्ये वाचायला लागले. माझे चुलते सत्तरी ओलांडलेले, रापणीवर आयुष्य गेलेलं. प्रत्येक उत्तरानंतर त्यांचा एकच सवाल, ‘मगे फुडे काय?’ शेजारच्या गावच्या बंधाऱ्याबद्दलचं उत्तर वाचलं तेव्हाही तेच. मला सांगता येईना. त्यातून आश्वासन समितीचा शोध लागला. मंत्र्यांनी सभागृहात ‘तपासून कारवाई करू’ म्हटलं की ते हवेत विरत नाही, त्याची आश्वासन म्हणून नोंद होऊ शकते आणि पाठपुराव्याला समिती असते. लोकसभेत तर आश्वासन पुरं करायला तीन महिन्यांची मुदत धरलेली आहे. हे आम्हाला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं याचं मला खरोखर वाईट वाटतं.

संसदेच्या संकेतस्थळावर मंत्रालय आणि सत्र निवडून प्रश्न काढता येतात. लोकसभेत दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न असतात. तोंडी उत्तरासाठी यादीत असलेले २० सुद्धा तासाभरात पुरे होत नाहीत, म्हणून खरा साठा अतारांकितांत. जिल्हावार तक्ते, मंजूर रक्कम, खर्च हे तिथल्या जोडपत्रांत सापडतं. अडचण भाषेची, कागद इंग्रजीत आणि हिंदीत. मी हिंदी प्रत घेते आणि अडलेल्या शब्दांची वही ठेवली आहे.

थेट प्रक्षेपणाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. संसद टीव्ही आणि विधानमंडळाचं प्रक्षेपण यूट्यूबवर मिळतं, पण गोंधळ झाला की सभागृह तहकूब, आणि आमच्याकडे पाऊस लागला की नेटवर्क तहकूब. कामकाजाचा क्रम सकाळी वाचून आपला विषय असेल तरच लावावं. मात्र एक दिवस मी मुद्दाम पाहिला, भारतीय बंदरे विधेयकाचा. नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात, १२ ऑगस्टला ते लोकसभेत मंजूर झालं, १८ ला राज्यसभेत. १९०८ चा कायदा जाऊन त्याजागी हा आला, राज्यांच्या सागरी मंडळांना, म्हणजे बंदरं सांभाळणाऱ्या मंडळांना, त्यात केंद्रीय कायद्याचा आधार मिळाला. बंदराच्या गावात राहणाऱ्यांच्या कामाची गोष्ट, आणि ती लोकसभेत घोषणांच्या गदारोळात उरकली. होड्या तेव्हा नुकत्याच दर्यात गेल्या होत्या. मला ते फार लागलं.

विधेयक काय म्हणतं ते मला समजलं दिल्लीच्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चच्या सारांशावरून. २००५ पासून चालणारी ही संस्था विधेयक, मुख्य तरतुदी आणि आक्षेपाचे मुद्दे मोफत देते. इंग्रजी साधं आहे. मूळ विधेयक शेजारी उघडून वाचलं तर कलमं डोक्यात बसतात.

एक मोठी पोकळी मात्र या सगळ्यात राहते. एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा मिळाला आणि मी तो विधेयकांच्या यादीत शोधत राहिले. तो मंत्रिमंडळाचा निर्णय. आमच्या रोजच्या जगण्यातलं बरंचसं कायद्याने नाही, शासन निर्णयाने ठरतं, आणि ते जीआर राज्य शासनाच्या वेगळ्या संकेतस्थळावर असतात. तेही मोफत आणि मराठीत. अधिवेशन पाहणाऱ्याने ती खिडकी उघडी ठेवलीच पाहिजे.

त्रास कुठे होतो? शोधण्यात. ‘मच्छीमार’ टाकलं तर एक यादी, ‘मच्छिमार’ टाकलं तर दुसरी, ‘मत्स्य’ला तिसरी. मी तिन्ही टाकते. काही जुन्या फाइली नुसत्या स्कॅन केलेल्या असतात, त्यांत शब्द शोधताच येत नाही, पानं उलटावी लागतात. बोललेली भाषणं लेखी हाती यायलाही वेळ लागतो.

आणि जुन्या पानांचं सुख. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात पहिल्या लोकसभेपासूनचे वादविवाद आहेत. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून १९७१ पर्यंत राजापूरचे खासदार होते, त्यांच्या नावाने शोधून बसले आणि रात्रीचे दोन वाजले. १९६७ चं त्यांचं घटनादुरुस्तीचं खासगी विधेयक (मंत्र्याने नव्हे, साध्या खासदाराने मांडलेलं) मी नावाने ऐकून होते, ते कामकाजात प्रत्यक्ष पाहिलं. पुढे मधु दंडवते त्याच मतदारसंघातून गेले. राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघ आता उरलेला नाही, पण घरात ज्यांची भाषणं आठवणीने सांगितली जातात त्यांचे शब्द असे छापील समोर येतात तेव्हा अंगावर काटा येतो. निव्वळ यासाठीसुद्धा मी हे वापरत राहीन.

आता डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन येईल. आपल्याला सभागृहात प्रश्न विचारता येत नाही, पण नीट लिहून आमदारांच्या हाती देता येतो, आणि तो अधिवेशनाच्या बराच आधी द्यावा लागतो. सोसायटीने तीन प्रश्न काढले आहेत: डिझेल परताव्याची थकबाकी, गस्ती नौका आणि तो बंधारा. मागच्या उत्तराचा क्रमांक आणि तारीख प्रत्येकात घातली आहे. काकांना वाचून दाखवले तेव्हा त्यांनी विलंबाच्या कारणांची ओळ तिन्ही ठिकाणी आहे ना, एवढंच तपासून घेतलं.