छातीवरचा पट्टा: आठ महिन्यांनंतर

गेल्या पावसाळ्यात रात्री मध्येच जाग येऊन छातीत धडधडायला लागलं. ईसीजी, टूडी इको, थायरॉईड सगळं नीट निघालं. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. तरी जिवाला चैन पडेना, म्हणून छातीला बांधायचा हार्ट रेटचा पट्टा घेतला. रोज सकाळी पाच मिनिटं आणि आठवड्यातून दोनदा रात्रभर, असा आठ महिने वापरतेय.

पट्टा उत्तम आहे. मनगटावरचं घड्याळ उजेड टाकून रक्ताच्या प्रवाहावरून ठोका ओळखतं. हा थेट हृदयाची विद्युत लहर पकडतो आणि दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदात देतो. फक्त बांधण्याआधी आतली काळी पट्टी नीट ओली करावी लागते. थंडीत मी घाईघाईने दोन थेंब लावून बांधायचे आणि आलेखात भलतेच सुळके यायचे. आता वाटीत बोटं बुडवून भरपूर पाणी लावते.

८१२, ८४५, ९०१, ८७४... हे आकडे बघायची मला खरोखर गोडी लागली. श्वास घेतला की अंतर कमी होतं, सोडला की वाढतं. नसांशिवाय हृदय स्वतःच्या बळावर मिनिटाला शंभरेक ठोके देईल. विश्रांतीत ते सत्तरच्या आसपास राहतं ते व्हेगस नसेने लगाम धरल्यामुळे. हा लगाम ठोक्यागणिक ओढला-सोडला जातो. सिंपथेटिक, म्हणजे ठोके वाढवणारी नस, पाठ्यपुस्तकातली अनुकंपी, तिचा परिणाम हृदयावर दिसायला मात्र काही सेकंद लागतात.

माझी तक्रार आहे ती सोबतच्या ॲपबद्दल. एका सकाळी डोळे मिटून सावकाश रामरक्षा म्हणत बसले होते. मन अगदी शांत. ॲपने दाखवलं: सिंपथेटिक ८४ टक्के, ताण जास्त! मी घाबरलेच. मग त्याच खुर्चीत, त्याच मनःस्थितीत नेहमीसारखा, मिनिटाला पंधरा वेळा श्वास घेतला, तर आकडा ३१ वर आला.

कारण वाचल्यावर कळलं. मिनिटाला सहा श्वास म्हणजे दहा सेकंदांची एक लाट, ०.१ हर्ट्झ. ॲप ०.०४ ते ०.१५ हर्ट्झमधल्या सगळ्या चढउताराला सिंपथेटिक ठरवतं. संथ श्वासाने व्हेगसने केलेला चढउतार नेमका त्याच खात्यात जमा होतो. मंत्र किंवा जप म्हणताना श्वास बरेचदा आपसूक सहाच्या आसपास येतो, म्हणजे शांत बसणाऱ्यालाच हे ॲप ताणाचा इशारा देणार. अशा आकड्यावरून कुणी स्वतःला आजारी समजू नये असं मला कळकळीने वाटतं.

सिंपथेटिक नसांचं काम प्रत्यक्ष मोजायचं तर सुई लागते. स्वीडनमध्ये उप्साला इथे १९६० च्या दशकात हागबार्थ आणि वाल्बो यांनी जाग्या माणसाच्या नसेत टंगस्टनची बारीक सुई घालून ते ऐकलं. गुडघ्याखालच्या नसेत असं मोजताना दिसतं, की रक्तदाब उतरला की संदेशांचे झटके येतात आणि चढला की नस गप्प होते. हे पट्ट्याला कसं दिसणार?

रात्रीच्या नोंदींनी मात्र माझं काम केलं. गाढ झोपेत मेंदूच्या लाटा मोठ्या आणि मंद होतात, सिंपथेटिक नसा निवतात, ठोके संथ पडतात. स्वप्नांच्या झोपेत त्या नसांची हालचाल जागेपणीपेक्षाही वाढते, हे १९९३ साली अशाच सुईने दाखवलं गेलं, आणि ही झोप पहाटेकडे जास्त असते. माझे आलेख तसेच: दीडपर्यंत सपाट, चारनंतर डोंगर. धडधडीच्या बहुतेक रात्री मी साडेचार-पाचला, स्वप्न अर्धवट सोडून उठले होते.

ते आलेख डॉक्टरांना दाखवले. पट्टा निदान करत नाही, ठोका चुकल्यासारखा वाटला किंवा चक्कर आली तर लगेच यायचं, हे त्यांनी बजावलं. ॲपमधलं ताणाचं पान मी बंद केलंय, नुसत्या अंतरांची फाईल उतरवून ठेवते. परवा पुन्हा पावणेपाचला जाग आली, छाती उडत होती. दिवा न लावता लांब श्वास सोडत पडून राहिले. सकाळी फाईल उघडली, तर सात मिनिटांत ठोक्यांमधलं अंतर ६१० वरून ९३० वर गेलं होतं.