जहाजाची कुंडली काढा, मगच बुकिंग करा

एजंटच्या टेबलावर क्रूझ कंपन्यांची ब्रोशर पसरलेली असतात: प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, कुनार्ड, कोस्टा, सीबॉर्न, आयडा, पी अँड ओ, कार्निव्हल. गिऱ्हाईक दर ताडून बघतं, एक महाग वाटलं म्हणून दुसरं घेतं आणि चार ठिकाणी चौकशी केल्याच्या समाधानात ॲडव्हान्स भरतं. प्रत्यक्षात ही आठही नावं एकाच घरची आहेत, कार्निव्हल कॉर्पोरेशनची. दुसरं घराणं रॉयल कॅरिबियन. सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी त्यांच्याच, आणि जर्मनीच्या टुई क्रूझेसमध्ये अर्धी भागी. तिसरं नॉर्वेजियन, ज्यांनी २०१४ मध्ये ओशियानिया आणि रीजंट या दोन कंपन्या तीन अब्ज डॉलरच्या आसपास मोजून घेतल्या. चौथं एमएससी, ते इटालियन मुळाच्या आपोन्ते कुटुंबाचं खासगी. जगातल्या समुद्री सहलीचा बहुतेक धंदा या चार घरांत फिरतो. म्हणून इथे परीक्षण एखाद्या जहाजाचं नाही, घराण्यांच्या सेवेचं आहे.

सेवा वाईट नाही, हे आधीच सांगून टाकू. खोली, चार वेळचं खाणं, रात्रीचा शो आणि रोज नवं बंदर एवढं सगळं त्या पैशांत जमिनीवरच्या हॉटेलात बसत नाही. तक्रार वेगळी आहे. एकत्र येताना जे कंपनीच्या सोयीचं होतं ते एक झालं, आणि जे प्रवाशाच्या सोयीचं झालं असतं ते अजून बरंचसं वेगळंच आहे.

हे जुळलं कसं, ते थोडक्यात. कार्निव्हलने १९८९ मध्ये हॉलंड अमेरिका घेतली, १९९८ मध्ये कुनार्ड, २००० पर्यंत कोस्टा पूर्णपणे. मोठा घास २००३ चा. पी अँड ओ प्रिन्सेस, म्हणजे तेव्हा या दोन्ही ब्रँडांची मिळून असलेली कंपनी, तिचं लग्न २००१ च्या नोव्हेंबरात ठरलं होतं रॉयल कॅरिबियनशी, लागलं कार्निव्हलशी. ठरलेलं मोडल्याबद्दल रॉयल कॅरिबियनला सव्वासहा कोटी डॉलर मिळाले.

आता प्रवाशाच्या हाताला लागणारी पहिली गोष्ट: जहाजाचा सांगाडा. मालक एक झाला की डिझाइनही एकच होतं. पी अँड ओचं ‘आर्केडिया’ हे २००५ चं जहाज मुळात हॉलंड अमेरिकेसाठी मागवलेलं. मग ते कुनार्डच्या नावावर गेलं, ‘क्वीन व्हिक्टोरिया’ हे नावही ठरलं, आणि शेवटी पी अँड ओकडे आलं. कुनार्डची आजची ‘क्वीन व्हिक्टोरिया’ आणि ‘क्वीन एलिझाबेथ’ याच घडणीची थोडी लांबवलेली रूपं आहेत, आणि हॉलंड अमेरिकेची ‘झायडरडॅम’ त्यांची थोरली बहीण. राणीच्या नावाचे पैसे मोजताना एवढं माहीत असावं.

अलीकडचं उदाहरण आणखी ठळक आहे. जर्मन प्रवाशांचं ‘आयडानोव्हा’, इटालियन ‘कोस्टा स्मेराल्डा’, ब्रिटिश ‘आयोना’ आणि अमेरिकन ‘मार्डी ग्रा’ ही चारही जहाजं एलएनजीवर (द्रवरूप नैसर्गिक वायूवर) चालणारी, एक लाख ऐंशी हजार टनांच्या आसपासची, एकाच आराखड्यावरची, मायर कंपनीच्या जर्मनी आणि फिनलंडमधल्या गोद्यांत बांधलेली. वरचा साज मात्र वेगळा. मार्डी ग्राच्या डोक्यावर रोलर कोस्टर, तर आयोनावर काचेचा घुमट.

फरक पैशांच्या हिशेबातही आहे, आणि तो ब्रोशरच्या पहिल्या पानावर दिसत नाही. पी अँड ओने २०१९ पासून टिप भाड्यातच धरली, आयडामध्येही ती धरलेली असते. अमेरिकन ब्रँडांत साधारण १६ ते २० डॉलर दर माणशी दर रात्री आपोआप बिलाला लागतात. १८ धरले तर दोघांच्या सात रात्रींचे २५२ डॉलर होतात. शिवाय पेयांच्या बिलावर १८ ते २० टक्के सेवाशुल्क वेगळं. दर ताडायचे तर भाडं, बंदर-कर, टिप आणि वायफाय अशी चारही खाती मांडून ताडावेत. नुसतं भाडं बघणारा माणूस स्वस्तातलं जहाज घेतो आणि शेवटच्या सकाळी रिसेप्शनच्या रांगेत उभा राहतो.

दुसरी गोष्ट निष्ठेची, म्हणजे लॉयल्टी पॉइंटांची. नेहमी क्रूझ करणाऱ्यांचा सगळ्यात जास्त राग इथेच निघतो. कार्निव्हलच्या घरात वीस वर्षं प्रिन्सेसने फिरलेला माणूस हॉलंड अमेरिकेच्या जहाजावर पाऊल ठेवतो तेव्हा नवखाच असतो. एका ब्रँडने दिलेलं पुढच्या सफरीचं क्रेडिटही सहसा दुसऱ्या ब्रँडवर चालत नाही. रॉयल कॅरिबियनने निदान इथे माणुसकी दाखवली: २०२४ पासून रॉयल, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी या तिघांत दर्जा जुळवून मिळतो. पण जुळतो तो दर्जा, सवलती नव्हेत. रॉयलवर डायमंड दर्जाला (८० पॉइंट, साध्या खोलीत एका रात्रीचा एक, स्वीटमध्ये दोन) रोज चार पेयं फुकट असतात, म्हणून सेलिब्रिटीवरही तीच यादी मिळेल असं धरून चालू नये. कार्निव्हल क्रूझ लाइनने तर जून २०२६ पासून रात्री मोजायच्या सोडून खर्च मोजायचं ठरवलं. स्वस्तातल्या आतल्या केबिनने वर्षाला चार सफरी करणारी पेन्शनर मंडळी यावर का चिडली, हे समजावून सांगायला नको.

गंमत म्हणजे घर एकच आहे हे कार्निव्हल एका ठिकाणी मोकळेपणाने मान्य करते: भागधारकांसाठी. शंभर शेअर नावावर असतील तर सहा दिवसांपर्यंतच्या सफरीला ५०, सात ते तेरा दिवसांना १०० आणि चौदा किंवा जास्त दिवसांना २५० डॉलर जहाजावर खर्चायला मिळतात, आणि हे घरातल्या सगळ्या ब्रँडांवर चालतं. अर्ज सफरीच्या आधी करावा लागतो, शेअर-स्टेटमेंट जोडून. तेवढ्यासाठी शेअर घेऊ नयेत, पण असलेच तर अर्ज विसरू नये.

कोर्टालाही हे घर एकच दिसलं. प्रिन्सेसच्या जहाजावरून तेलकट पाणी समुद्रात सोडल्याच्या प्रकरणात २०१६ मध्ये गुन्हा कबूल झाला, चार कोटी डॉलर दंड बसला आणि पाच वर्षांची देखरेख घरातल्या सगळ्याच कंपन्यांच्या जहाजांवर आली. तिकिटाचा करार मात्र ब्रँडगणिक वेगळा. दावा लावायचा तर कार्निव्हलसाठी मायामी, प्रिन्सेससाठी लॉस एंजेलिस, हॉलंड अमेरिकेसाठी सिएटल. अशी अट चालते, हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निकाल आहे, आणि तो खटलाही कार्निव्हलचाच होता. जहाजावर पडून इजा झाली तर अमेरिकी करारांत सहसा सहा महिन्यांत लेखी नोटीस आणि वर्षाच्या आत दावा अशी मुदत असते. म्हणून मेडिकल सेंटरचा कागद आणि अपघाताच्या नोंदीची प्रत उतरायच्या आधी हातात घ्यावी. पुण्याला पोचल्यावर ई-मेल लिहू म्हणणाऱ्याचा अर्धा वेळ त्यातच जातो.

ब्रँड गिळला जातो तेव्हा काय होतं, हे ऑस्ट्रेलियात नुकतंच दिसलं. पी अँड ओ ऑस्ट्रेलिया हे १९३२ पासूनचं नाव मार्च २०२५ मध्ये घरातल्याच कार्निव्हल क्रूझ लाइनमध्ये विरलं. ‘पॅसिफिक ॲडव्हेंचर’ झाली ‘कार्निव्हल ॲडव्हेंचर’, ‘पॅसिफिक एन्काउंटर’ झाली ‘कार्निव्हल एन्काउंटर’. त्याआधी ही दोन्ही प्रिन्सेसची जहाजं होती. तिसरी ‘पॅसिफिक एक्सप्लोरर’ विकली गेली आणि आज आशियात ‘स्टार व्हॉयेजर’ म्हणून फिरते. जहाजं तीच राहिली आणि केबिनही, तरी तिकडच्या जुन्या प्रवाशांना हळहळ वाटली. अहमदनगरचं अहिल्यानगर झाल्यावर एसटी तीच राहते, पण पाटी वाचताना क्षणभर थबकायला होतंच, तसं काहीसं.

बंदरांचंही एकत्रीकरण चालू आहे आणि त्याकडे कमी लक्ष जातं. रॉयल कॅरिबियनने बहामातलं कोकोके बेट २५ कोटी डॉलर घालून २०१९ मध्ये नव्याने उघडलं. कार्निव्हलने जुलै २०२५ मध्ये ग्रँड बहामावर सेलिब्रेशन की सुरू केलं. म्हणजे जहाज कंपनीचं, बेट कंपनीचं, बेटावरची छत्री आणि शहाळंही कंपनीचं. सोय उत्तम, किनारा स्वच्छ, पण गावातल्या हॉटेलात जेवून पैसे वाचवायचा मार्ग बंद. दोन प्रश्न बुकिंगआधीच विचारावेत: पेयांचं पॅकेज बेटावर चालतं का, आणि जेवणातलं काय फुकट आहे. उत्तर बेटागणिक वेगळं असतं आणि मधूनच बदलतं.

आतल्या दुकानांची गोष्टही तीच. स्पर्धक कंपन्यांच्या जहाजांवर स्पा बघितलेत तर मसाज करणारी कंपनी बहुतेक वेळा एकच, वनस्पावर्ल्ड. मसाज संपला की तेलं आणि क्रीम विकायचा आग्रहही सगळीकडे सारखाच. नको असेल तर फॉर्मवर ‘खरेदी नाही’ असं आधीच लिहून द्यावं, आणि मसाज बंदराच्या दिवशी घ्यावा, तेव्हा दर उतरलेले असतात.

या सगळ्यावर उपाय एकच, कुंडली. प्रत्येक जहाजाला आयएमओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, सात आकडी नंबर असतो. नाव, मालक, झेंडा बदलला तरी तो बदलत नाही. इंटरनेटवर जहाजाच्या नावापुढे ‘आयएमओ नंबर’ टाकून तो काढा, मग नुसता नंबर शोधा. बांधणीचं वर्ष, गोदी आणि आधीची सगळी नावं समोर येतात. मग जुन्या नावाने डेक प्लॅन आणि केबिनचे व्हिडिओ बघा. डागडुजीत गालिचे, पडदे, गाद्या बदलतात. बाथरूम मात्र तयार डब्यासारखी बसवलेली असते, ती नंतर मोठी होत नाही. त्याच घडणीच्या बहीण-जहाजाच्या तक्रारीही वाचाव्यात. मागच्या अंगाला थरथर असेल तर ती दोघींत सापडते.

केबिन घेताना वरच्या आणि खालच्या दोन्ही डेकवर केबिनच आहेत ना ते पाहा. वर बुफे किंवा पूल असेल तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली थिएटर असेल तर रात्री अकरापर्यंत ढोल. अगदी पुढच्या खालच्या केबिनला बंदर आलं की नांगराची साखळी आणि थ्रस्टर (जहाज आडवं सरकवणारे पंखे) झोपेतून उठवतात. ज्यांना बोट लागते त्यांनी मधली, खालची केबिन घ्यावी. तिथे बाल्कनी नसते, पण उलटीही कमी. अमेरिकी बंदरात जाणाऱ्या जहाजांना तिथलं आरोग्य खातं शंभरपैकी गुण देतं. ८५ किंवा कमी म्हणजे नापास. हे गुण जहाजाप्रमाणे बघायचे. कंपनीचं नाव बघून अंदाज बांधला तर फसगत होते.

आपल्याकडच्या जहाजांना हीच पद्धत लावली की एकत्रीकरण मुंबईच्या बॅलार्ड पिअरपर्यंत येऊन पोचलेलं दिसतं. २०१९ मध्ये थाटामाटात आलेली जलेश कंपनीची ‘कर्णिका’ मुळात सिटमार या कंपनीने मागवलेली. सिटमार पी अँड ओने घेतली, म्हणून १९९० मध्ये जहाज उतरलं ते ‘क्राउन प्रिन्सेस’ म्हणून. पुढे ते ‘ए-रोझा ब्लू’, ‘आयडाब्लू’, ‘ओशन व्हिलेज टू’, ‘पॅसिफिक ज्वेल’ झालं. थोरल्याचा शर्ट धाकट्याला, तसं घरातल्या घरात फिरून ते शेवटी बाहेर पडलं आणि २०२० मध्ये अलंगच्या भंगारात गेलं.

कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ही १९९० चीच. ॲडमिरल क्रूझेससाठी मागवली, ती कंपनी रॉयल कॅरिबियनमध्ये मिसळली, म्हणून ‘नॉर्डिक एम्प्रेस’. मग ‘एम्प्रेस ऑफ द सीज’, २००८ मध्ये रॉयलच्याच स्पॅनिश कंपनीकडे, २०१६ मध्ये परत माहेरी, २०२१ पासून मुंबईत. साडेअठ्ठेचाळीस हजार टन, म्हणजे आजच्या मानाने लहान आणि आतल्या केबिन चिंचोळ्या. चौघांचं कुटुंब एका केबिनमध्ये घालणार असाल तर मोठ्या बॅगा आणू नका, पलंगाखाली सरकतील अशा आणा. लहानपणाचा फायदाही आहे: चढणं-उतरणं लवकर होतं, हरवायला होत नाही. आणि शाकाहारी-जैन जेवणासाठी इथे वेटरची मनधरणी करावी लागत नाही. परदेशी जहाजांवर ती आदल्या रात्रीच हेड वेटरकडे करावी लागते, आणि जैन असाल तर बुकिंग करतानाच लेखी.

पुढचं जहाजही जुनंच. नॉर्वेजियनने ‘स्काय’ आणि ‘सन’ ही आपली जहाजं कॉर्डेलियाला भाड्याने द्यायचं २०२५ मध्ये जाहीर केलं. स्कायचा सांगाडा मुळात कोस्टासाठी ‘कोस्टा ऑलिंपिया’ म्हणून सुरू झाला होता. जर्मन गोदीचं दिवाळं निघालं, अर्धवट सांगाडा नॉर्वेजियनने घेतला आणि १९९९ मध्ये पुरा केला. ७७ हजार टनांचं, एम्प्रेसपेक्षा बरंच ऐसपैस, पण नव्या जहाजांच्या मानाने बाल्कन्या कमी. ‘नॉर्वेजियन स्काय’ या नावाने डेक प्लॅन आताच उतरवून ठेवा आणि समुद्र दिसणारी केबिन घेण्याआधी नंबर ताडून पाहा. नवं नाव लागलं की भिंतीचा रंग बदलेल, पण काही खिडक्यांसमोर टांगलेल्या लाइफबोटी जागच्या हलणार नाहीत.