गिरणीच्या जागेवरचं २२५ चौरस फुटांचं घर : दीड वर्ष राहिल्यावर

सासूबाई चाळीस वर्षं पहाटे चारला उठत आल्या. चाळीत मजल्यावर वीस बिऱ्हाडं, संडास चार, आणि पाच वाजले की रांग. इथे राहायला आल्यावरही महिनाभर त्या चारलाच उठायच्या. मग एक दिवस साडेसहापर्यंत झोपल्या, तेव्हा मी घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. घर कसं आहे असं कुणी विचारलं की मी आधी हेच सांगते.

सासरे मुंबईतल्या कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. सासरे साताऱ्याकडे गावी गेले ते वर्षभराने परतले, तोवर पाळीवर जागा उरली नव्हती. १ जानेवारी १९८२ला किंवा नंतर पटावर असलेल्या गिरणी कामगाराला किंवा त्याच्या वारसाला सोडतीने मिळणाऱ्या या घरांसाठी अर्ज करता येत होता. सासऱ्यांचा गेटपास आणि पीएफची पावती सासूबाईंनी पत्र्याच्या ट्रंकेत साड्यांच्या घडीत ठेवली होती. सोडतीत नाव लागलं तेव्हा सासरे हयात नव्हते.

आता घर. आम्ही चौघं १० बाय १२च्या खोलीतून आलो, त्यामुळे २२५ फूट आम्हाला वाडाच वाटला. मुलाला पहिल्यांदा अभ्यासाला कोपरा मिळाला. स्वयंपाकघराचा ओटा आखूड आहे. शेगडी ठेवली की पोळपाट मांडायला जागा उरत नाही, म्हणून मी भिंतीला घडीची फळी ठोकून घेतली. वॉशिंग मशीनला जागाच सोडलेली नाही. पहिल्या पावसात न्हाणीघराच्या पाइपांच्या डक्टकडच्या भिंतीला ओल आली, तीन वेळा लिहून दिल्यावर बाहेरून काम झालं. या पावसात भिंत कोरडी राहिली. वारा मात्र भरपूर. मेमध्येही दुपारी पंखा बंद ठेवता येतो.

आमची खरी अडचण आहे ती उंचीची. आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. लिफ्टचं देखभाल कंत्राट, पाणी चढवणाऱ्या पंपाची वीज, अग्निशमनाची यंत्रणा, रात्रीचे दोन वॉचमन असं सगळं धरून महिन्याला साडेतीन हजार भरावे लागतात. चाळीचं भाडं दीडशे होतं. आमच्या घरात दोघं कमावतात, म्हणून जमतं. सातव्या मजल्यावरच्या काकींना पेन्शनमधून हे भागवायचंय. त्यांनी दुपारी दिवा आणि पंखा लावणं सोडलंय. गेल्या श्रावणात दोन्ही लिफ्ट नऊ दिवस बंद होत्या, तेव्हा सासूबाई नऊ दिवस खाली उतरल्या नाहीत. दवाखान्याची तारीख चुकली.

घरं इतकी उभी का रचावी लागली, याचं उत्तर गिरण्यांच्या जमिनीच्या वाटणीत आहे. १९९१च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जागेचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे : एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाला, घरांसाठी, एक मालकाला. २००१मध्ये नियम बदलला आणि वाटणीत फक्त आधीपासून मोकळी असलेली जागाच धरली गेली. साचेखातं, गोदामं, कापूस पिंजायचं कार्डिंग खातं यांच्या खालची जमीन वाटणीतून सुटली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल कायम ठेवला. गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. तिचा खरा तिसरा हिस्सा मिळाला असता तर सहा-सात मजली इमारती, मध्ये मैदान आणि चालत जायला रस्ता, इतकं सहज बसलं असतं. आमच्या वाट्याला एक कोपरा आला, त्यात टॉवर उभा केला, आणि मुलं पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून क्रिकेट खेळतात. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

गेटबाहेरचे रस्ते अजून गिरणीच्याच काळातले आहेत. तेव्हा कामगार चाळीतून चालत पाळीवर जायचे, भोंगा झाला की दहा मिनिटांत खात्यात. आता त्याच रस्त्याने उपनगरांतून ट्रेनने येणारी ऑफिसांची गर्दी चालते. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पादचारी पुलावर २३ माणसं चेंगरून गेली, तो दिवस इथलं कुणी विसरलेलं नाही. डिलाईल रोडचा पूल २०१८ला बंद झाला तो २०२३च्या अखेरीस पूर्ण सुरू झाला. संध्याकाळी सातला करी रोड स्टेशनवरून घरी यायला मला आजही पंचवीस मिनिटं लागतात. अंतर पंधरा मिनिटांचंसुद्धा नाही.

शेजार जमायला वेळ लागला. वेगवेगळ्या खात्यांतली, वेगवेगळ्या गावांची माणसं, आणि प्रत्येकाचं दार बंद. सासूबाईंनी जाळीचा दरवाजा बसवून घेतला आणि आतलं लाकडी दार दिवसभर उघडं ठेवलं. दुसऱ्या महिन्यात समोरच्या मालवणच्या आजींनी तसंच केलं. आता दुपारी तीनला दोघी आपापल्या उंबऱ्यात बसून भाजी निवडतात आणि पॅसेजभर गप्पा ऐकू येतात. गणपतीत खालच्या लॉबीत आरती झाली, तेव्हा पहिल्यांदा सगळे मजले एकत्र दिसले.

ज्यांना आता चाव्या मिळणार आहेत त्यांना कळकळीने सांगते. ताबा घेताना ओळखीचा प्लंबर सोबत न्या, न्हाणीघरात पाणी तुंबवून तासभर थांबा. महिन्याचा खर्च किती येईल ते आधी लिहून मागा. सोसायटीची नोंदणी होईपर्यंत पैसे कुणाच्या खात्यात जातात ते विचारा. अग्निशमनाचा पंप चालू करून दाखवायला सांगा, कारण आमचा पंप सहा महिने नुसता रंगवून ठेवलेला होता.

आमच्या जुन्या चाळीतल्या शेवंताबाईंचा अर्ज अजून तसाच आहे. पहिल्या सोडतीत, २०१२मध्ये, ६,९२५ घरं होती आणि अर्ज लाखाच्या वर. शेवंताबाई महिन्यातून एकदा सासूबाईंना भेटायला येतात, खिडकीत उभ्या राहून आपली गिरणी कुठे होती ते बोटाने दाखवतात. तिथे आता काचेची इमारत आहे. जाताना दर वेळी माझ्याकडून कागदपत्रांची यादी पुन्हा लिहून घेतात.