उताराच्या परसासाठी गॅबियन भिंत: जाळी कशी पारखावी, दगड कसा भरावा

कोकणात परस उताराचं असलं की आधी आठवते ती चिऱ्याची (जांभा दगडाची), सिमेंटात बांधलेली भिंत. चिरा जवळ मिळतो, गवंड्यांचा हातही त्यावर बसलेला असतो. पण अशी भिंत ढासळते ती बहुतेक वेळा मागे तुंबलेल्या पाण्यामुळे. दीड मीटर उंच भिंतीवर निचऱ्याच्या मातीचा रेटा लांबीच्या दर मीटरला साधारण ७०० किलो असतो. तीच माती पाण्याने पूर्ण भरली की तो दीड टनापर्यंत जातो. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात हा फरक भिंतीचं आयुष्य ठरवतो. गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेटीत दगड भरून केलेली भिंत, इथे सरस ठरते, कारण पाणी तिच्या अंगातूनच निघून जातं.

आधी जाळीविषयी. सहाकोनी विणीची, दुहेरी पिळाची जाळीच घ्यावी. नमुन्यातली एक तार पक्कडीने तोडून जाळी ताणून बघा. दुहेरी पिळाची वीण पुढे उसवत नाही, कुंपणाची साधी जाळी उसवत जाते. कुंपणाच्याच जाळीच्या पेट्या शिवून 'गॅबियन' म्हणून विकल्या जातात, त्या स्वस्त असल्या तरी नकोत. जाळीची तार २.७ मिमी, कडेची ३.४ मिमी असते. समुद्र जवळ असेल तर जस्ताच्या मुलाम्यावर पीव्हीसीचं आवरण हवंच. दोन मीटरच्या पेटीत मधोमध जाळीचा आडवा पडदा आहे ना, तेही पाहावं. तो नसेल तर दगड एका बाजूला सरकतात.

दगड काळाच हवा, १० ते २५ सेंटिमीटरचा. अंगणात पडलेले चिऱ्याचे तुकडे भरण्याचा मोह होतो, पण जांभा मऊ आणि पाणी पिणारा. तो झिजला की पेटी आतून सैल होते आणि वरचा थर खचतो. हिशेब सोपा आहे: २×१×१ मीटरच्या एका पेटीला सुमारे ०.७ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) दगड लागतो. दहा मीटर लांब, दीड मीटर उंच भिंतीला खाली एक मीटर उंचीच्या पाच पेट्या आणि वर अर्ध्या मीटरच्या पाच, म्हणजे १५ घनमीटर, साधारण साडेपाच ब्रास. यातली ३० सेंटिमीटर उंची जमिनीत जाते. पाया कातळावर किंवा मूळच्या घट्ट जमिनीवर घ्यावा, भरावावर कधीच नाही. भिंतीला मीटरमागे १० सेंटिमीटर डोंगराकडे कल द्यावा.

खरी कसोटी भरण्यात आहे, आणि बहुतेक कामं तिथेच बिघडतात. जेसीबीने दगड ओतून वरून झाकण शिवलं की पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला पोट सुटतं. पेट्या रिकाम्या असतानाच एकमेकींना शिवून ताणायच्या, दर्शनी बाजूला फळ्यांचा आधार द्यायचा आणि एक तृतीयांश उंचीचे थर भरत जायचे. प्रत्येक थरानंतर पुढची आणि मागची जाळी आडव्या तारांनी बांधायची. दर्शनी दगड हाताने, सांधेमोड करून (सांध्यावर सांधा येऊ न देता) रचावेत. फटी चिपांनी घट्ट कराव्यात, बारीक खडी मात्र भरू नये, ती जाळीतून गळते. झाकणाआधी दगड तीन-चार सेंटिमीटर वर ठेवावा, कारण तो नंतर बसतो. मजुरी इथे वाचवू नये.

भिंतीमागे न विणलेलं जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, लावायलाच हवं. ते नसेल तर लाल माती दगडांतून वाहून जाते आणि वरच्या टप्प्यावर खड्डे पडतात. मागची माती वीस-वीस सेंटिमीटरच्या थरांत धुम्मस करून भरावी. भिंतीलगतच्या एक मीटरात रोलर आणू नये. पागोळ्यांचं पाणी वरच्या चरातून भिंतीच्या टोकाबाहेर काढावं. भिंत पाझरते म्हणून छपराचं सगळं पाणी तिच्यावर सोडणं चूकच.

टप्पे पाडताना वरची भिंत खालच्या भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट मागे घ्यावी. जवळ घेतली तर तिचा भार खालच्या भिंतीवर येतो. मोकळ्या उतारावर वाळा लावला तर माती छान धरून राहते. आंबा-फणस भिंतीला खेटून लावू नयेत.

उणिवाही आहेत. एक मीटर रुंदी जाते, त्यामुळे अरुंद परसात ही भिंत परवडत नाही. काळा दगड लांबून आणावा लागत असेल तर वाहतूकच खर्च वाढवते. आणि फटींत फुरसं आसरा घेऊ शकतं, म्हणून मुलांच्या खेळण्याच्या जागेलगत आम्ही ही भिंत सुचवणार नाही. दोन मीटरपेक्षा जास्त उंची, किंवा वर घर, विहीर अथवा गाडीरस्ता असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आराखडा करून घ्यावा, मगच पेट्यांची मागणी नोंदवावी.