तीन टेस्टर, आणि माझा कुणावर किती भरवसा

नाशकात वायरिंगची कामं करायला लागून मला बावीस वर्षं झाली. घरं, थोडी दुकानं, आणि अलीकडे निफाड-दिंडोरीकडे शेतकऱ्यांचे सोलर पंप. आयटीआयची पोरं नेहमी विचारतात, "दादा, टेस्टर कुठला घेऊ?" फेज, म्हणजे जिवंत वायर, दाखवायला कुठलाही टेस्टर दाखवतो हो. पण तो "नाही" म्हणाला की वायरला हात लावायचा की नाही, प्रश्न तिथे असतो. त्या हिशोबाने माझ्याकडच्या तिघांबद्दल लिहितोय.

पहिला आपला स्क्रू-ड्रायव्हरवाला. माझा तापडियाचा आहे, म्हणजे आमच्या सातपूरच्या कंपनीचा. शंभराच्या आत मिळतो, सेल लागत नाही आणि पडला तरी रडत नाही. मागची टोपी फिरवून उघडा: स्प्रिंग, निऑनचा बारका दिवा आणि करंट अडवणारा रेझिस्टर. तुमचा जीव त्या रेझिस्टरवर असतो. तो साधारण एक मेगाओहमचा असला तर २३० व्होल्टवर अंगातून पाव मिलिअँपियरसुद्धा जात नाही, म्हणून काही जाणवत नाही. फूटपाथवरचा वीस रुपयांचा टेस्टर मी एकदा उघडला, तर आत रेझिस्टरच्या जागी काळी कांडी निघाली. मीटरवर मोजली तर दर वेळी वेगळा आकडा. तिथेच फेकला.

पण चांगल्या निऑनचंही एक दुखणं आहे. भर दुपारी गच्चीवर तो पेटला की नाही ते दिसत नाही, हाताचा आडोसा करून बघावं लागतं. लाकडी घोडीवर, पायात रबरी चप्पल असली तर आणखी मंद पेटतो. आणि न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तुटली की सॉकेटची दोन्ही भोकं पेटतात. घरमालक घाबरून फोन करतात, "दोन्हीकडून फेज आलाय!" आलेला काही नसतो. चालू ठेवलेल्या पंख्यातून किंवा दिव्यातून तोच फेज न्यूट्रलच्या वायरवर उतरलेला असतो. बटणं सगळी बंद करा, दुसरं भोक विझतं. निऑन खोटं बोलत नाही, अर्धंच बोलतो.

दुसरा पेनवाला, वायरला न टेकवता ओरडणारा. आधी मी ऑनलाइन एक स्वस्तातला मागवला होता, त्याच्यावर कंपनीचं नावही नव्हतं. पावसाळ्यात एका बंगल्यावर मेन स्विच बंद करून डीबीचं, म्हणजे एमसीबी असतात त्या डब्याचं, झाकण काढलं, पेन फिरवलं, आवाज नाही. पेनचा टॉर्च छान लागत होता, म्हणून मी समजलो सेल ठीक आहेत. पान्हा एका वायरला लागला आणि दणका बसला कोपरापर्यंत. इन्व्हर्टरचा फेज त्याच डीबीत फिरत होता. मेन बंद असली तरी तो जिवंतच असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पेन गप्प होतं म्हणून मीही गप्प राहिलो. सेल बदलल्यावर तेच पेन त्याच वायरवर ओरडलं.

मग फ्लूक कंपनीचं वन-एसी नावाचं पेन घेतलं. त्याची एक गोष्ट मला फार आवडते: चालू असताना लाल टोक थोड्या थोड्या वेळाने दोनदा लुकलुकतं, म्हणजे आतलं सगळं शाबूत आहे. लुकलुकणं थांबलं की त्याच्या गप्प राहण्याला अर्थ नाही. कन्सिल्ड, म्हणजे भिंतीत दडवलेल्या, वायरिंगमध्ये शेजारच्या वायरीमुळे उगाच ओरडतं, ते चालतं. उगाच ओरडणाऱ्यापेक्षा उगाच गप्प बसणारा वाईट. जाता जाता, फ्रिजच्या पत्र्याजवळ पेन वाजायला लागलं तर आधी त्या सॉकेटचं अर्थिंग तपासा. निम्म्या वेळा ते सुटलेलं सापडतं.

आर्मर्ड केबलवर, म्हणजे धातूचं कवच असलेल्या केबलवर, मात्र पेन वापरू नका, लोखंडी पाइपातल्या वायरवर नको आणि डीसीवर, म्हणजे सोलर-बॅटरीच्या करंटवर, तर मुळीच नको. हे मी पुतण्याला शंभरदा सांगितलं असेल. तरी निफाडच्या एका मळ्यात सोलर पंपाच्या कंट्रोलरपाशी त्याने पॅनेलच्या वायरला पेन लावलं आणि वर न बघता म्हणाला, "काका, सप्लाय नाहीये." वर लख्ख ऊन, नऊ पॅनेल सीरिजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेली, सगळ्यांचे व्होल्ट एकत्र! त्याच्या हातात वायर सोलायचा स्ट्रिपर होता. मी आधी तो काढून घेतला, मग तिसरा टेस्टर लावला. त्याच्यावरचे दिवे चढत चढत ४०० व्होल्टवर जाऊन थांबले. पोरगं एकदा दिव्यांकडे बघायचं, एकदा हातातल्या पेनाकडे.

हा तिसरा म्हणजे दोन टोकांचा, फ्लूकचा टी-११०. एसी-डीसी दोन्ही, १२ पासून ६९० व्होल्टपर्यंत. दोन्ही टोकं वायरला टेकवावी लागतात, म्हणून तो अंदाज करत नाही. मुख्य म्हणजे त्याच्यावर लोडची बटणं आहेत, म्हणजे दाबली की टेस्टर वायरमधून थोडा करंट ओढून बघतो. लांब पाइपातल्या बंद वायरवर डिजिटल मीटर कधी साठ तर कधी नव्वद व्होल्ट दाखवतो आणि माणूस उगाच तास घालवतो. बटणं दाबली की शेजारच्या वायरींमुळे दिसणारं हे भुताचं, म्हणजे खोटं, व्होल्टेज जागच्या जागी बसतं. आमचे मिस्त्री हेच काम होल्डरला दोन वायरी जोडलेल्या टेस्ट लॅम्पने करायचे. तो लॅम्पही खरं बोलायचा, पण चुकून दोन फेजमध्ये लागला तर ४१५ व्होल्टने फुटायचा. म्हणून थ्री फेजला ते दोन बल्ब सीरिजमध्ये लावायचे.

टी-११० च्या तक्रारी आहेत. खिशात मावत नाही. नव्या पोराला पहिल्या पगारात परवडणारा नाही. टोकांवरच्या टोप्या माझ्या दोन महिन्यांत हरवल्या. दुसऱ्या कंपनीचा घेतलात तरी अंगावर कॅट थ्री किंवा कॅट फोर (हा सुरक्षिततेचा दर्जा) आणि किती व्होल्ट ते छापलेलं बघा. डीबीवर काम असेल तर कॅट थ्रीच्या खाली जाऊ नका, आणि घराच्या वीजमीटरच्या आधी, खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरपाशी हात घालणार असाल तर कॅट फोरच.

नुसतं घरांच्या वायरिंगचं काम असेल तर चांगला निऑन आणि चांगलं पेन एवढ्यावर भागतं. सोलरला हात लावणार असाल तर पेनाचे पैसेही दोन टोकांच्या टेस्टरमध्ये घाला. पुतण्या आता कुठलाही टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून बघतो, मग कामाच्या वायरवर, मग परत त्याच सॉकेटवर. गिऱ्हाईक विचारतं, "एवढं काय तपासताय?" तो काही बोलत नाही, कोपर चोळतो. दणका मला बसला होता, पण नक्कल छान करतो.